उन्हाळा चढण्याआधी: फाल्गुन-चैत्रात घरातल्या ज्येष्ठांची तयारी, क्रमाने

ज्येष्ठांची उन्हाळ्यातली काळजी बहुतेक घरांत मे महिन्यात सुरू होते. परीक्षा संपतात, कूलर माळ्यावरून खाली येतो, नवा माठ आणला जातो. तोवर त्रासाचे पहिले आठवडे होऊन गेलेले असतात. शरीराला उष्णतेची सवय व्हायला १ ते २ आठवडे लागतात, म्हाताऱ्या शरीराला त्याहून जास्त. ही सवय होण्याआधी अचानक पारा चढला की तोच सगळ्यात जास्त बाधतो. २०२५ साली फेब्रुवारी संपायच्या आतच मुंबई, ठाणे आणि रायगड भागात उष्णतेच्या लाटेचा इशारा द्यावा लागला होता. खारघरच्या उघड्या मैदानावर उन्हात बसलेल्या माणसांचे जीव गेले तो दिवस १६ एप्रिल २०२३ चा. म्हणजे मे उजाडायला अजून पंधरवडा होता.

दुसरी चूक क्रमाची. घरचे लोक पाण्यापासून सुरुवात करतात: "आजोबा, पाणी प्या, अजून एक ग्लास." ज्यांचं हृदय अशक्त आहे किंवा किडनी नीट चालत नाही, त्यांना हेच पाणी अंगावर सूज आणतं, दम लावतं. किती पाणी द्यायचं हे औषधांवर आणि आजारावर ठरतं. म्हणून आधी औषधं, मग मोजमाप, मग खोली आणि त्यानंतर पाणी. हा क्रम मोडू नका.

## टप्पा १: गोळ्यांची झडती (महाशिवरात्र ते होळी)

१. घरातली सगळी औषधं एका ताटात जमा करा. उशाखालची, देव्हाऱ्याजवळची, पर्समधली, शेजाऱ्यांनी "मला लागू पडली" म्हणून दिलेली, सगळी. डोळ्यांचे थेंब, काढे, चूर्णं, सर्दीच्या गोळ्याही त्यात आल्या.

२. प्रत्येकीचं कंपनीचं नाव न लिहिता आतल्या औषधाचं नाव, मिलिग्रॅम आणि वेळ लिहा. इथेच पहिला घोळ सापडतो: एकच औषध दोन कंपन्यांच्या नावांनी चालू असतं. एक फॅमिली डॉक्टरांनी दिलेलं, दुसरं हॉस्पिटलातून घरी सोडताना मिळालेलं.

३. यादीतल्या पुढच्या गटांवर लाल खूण करा:

- लघवी वाढवणाऱ्या, म्हणजे 'पाण्याच्या' गोळ्या: फ्युरोसेमाइड, टॉर्सेमाइड, हायड्रोक्लोरोथायझाइड, क्लोरथॅलिडोन, स्पायरोनोलॅक्टोन. यांनी पाणी आणि क्षार दोन्ही जातात. स्पायरोनोलॅक्टोन मात्र पोटॅशियम अंगात धरून ठेवते. बीपीच्या एका गोळीत दोन-तीन औषधं एकत्र असतात, त्यातलं एक बऱ्याचदा पाण्याचं असतं. स्ट्रिपच्या मागचा बारीक मजकूर वाचा.
- बीपीच्या गोळ्यांपैकी टेल्मिसार्टन, लोसार्टन, रामिप्रिल, एनालाप्रिल. अंगातलं पाणी कमी झालेलं असताना यांचा किडनीवर ताण येतो.
- बीपी आणि हृदयासाठीच्या मेटोप्रोलोल, अटेनोलोल. उष्णता बाहेर टाकायला हृदयाचे ठोके वाढावे लागतात, या गोळ्या ते वाढू देत नाहीत.
- साखरेच्या गोळ्यांपैकी डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन (लघवीवाटे साखर आणि पाणी घालवतात) आणि ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड (जेवण चुकलं की साखर एकदम उतरते).
- घाम कमी करणारी औषधं: ट्रायहेक्सिफेनिडिल, अमिट्रिप्टिलिन, वारंवार लघवी होऊ नये म्हणून दिलेली ऑक्सिब्युटिनिन किंवा सोलिफेनासिन, आणि सर्दीच्या गोळीतलं क्लोरफेनिरामाइन.
- मनोविकारांवरची औषधं, त्यातही लिथियम. अंगातलं पाणी कमी झालं की रक्तातली लिथियमची पातळी वाढते.
- दुखण्याच्या गोळ्या: डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, अ‍ॅसिक्लोफेनॅक.

४. ही यादी घेऊन डॉक्टरांकडे जा आणि चार प्रश्न विचारा. उत्तरं त्याच कागदावर लिहून घ्या.

- दिवसाला एकूण किती पाणी चालेल? काही मर्यादा आहे का?
- मीठ किती? ओआरएस दिलं तर चालेल का?
- थंडीत वाढवलेला बीपीचा डोस तसाच ठेवायचा का?
- जुलाब, उलट्या झाल्या किंवा जेवण बंद झालं, तर कोणत्या गोळ्या किती दिवस थांबवायच्या?

तिसरा प्रश्न फार कमी लोक विचारतात. उष्णतेत रक्तवाहिन्या पसरतात आणि बीपी खाली येतं. डिसेंबर-जानेवारीत बीपी वाढलं म्हणून गोळी वाढवलेली असते आणि मार्चमध्ये तोच डोस जड होतो. मग उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते, माणूस न्हाणीघरात पडतो, खुबा मोडतो. घरचे म्हणतात पाय घसरला. खरं कारण त्या डोसात असू शकतं.

चौथा प्रश्न आधीच विचारून ठेवायचा, कारण जुलाब रात्री ११ वाजता लागतात.

सावधान: "उन्हाळ्यात गोळी गरम पडते" म्हणून स्वतःहून बंद करू नका. मेटोप्रोलोलसारखी गोळी एकाएकी थांबवणं हृदयासाठी धोक्याचं असतं. आणि 'पाण्याची' गोळी, टेल्मिसार्टन गटातली गोळी, वर डायक्लोफेनॅक, अशी तिन्ही एकत्र पोटात जात असतील तर उन्हाळ्यात किडनी अचानक थकण्याचा धोका मोठा. गुडघे दुखतात म्हणून दुकानातून आणलेली गोळी यादीत सर्वांत वर लिहा.

## टप्पा २: मोजमाप (पुढचे ७ दिवस)

उन्हाळा सुरू होण्याआधीचे आकडे हाताशी नसतील तर पुढे काय बिघडलं ते कळणार नाही.

१. बीपी झोपून आणि उभं राहून. ५ मिनिटं आडवं झोपवून बीपी घ्या. मग उभं करा, कुणीतरी शेजारी थांबा, आणि १ मिनिटाने व ३ मिनिटांनी पुन्हा घ्या. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला तर ते डॉक्टरांना त्याच आठवड्यात सांगा. चक्कर येत नसली तरीही सांगा. नेहमीची चूक म्हणजे बसूनच बीपी घेणं. बसून घेतलेला आकडा छान येतो आणि पडण्याचं कारण लपून राहतं.

२. वजन. सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, त्याच काट्यावर. आकडा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. दोन-तीन दिवसांत २ किलो वाढलं तर अंगात पाणी साचतंय, तेवढंच घटलं तर पाणी कमी पडतंय. हृदयाचा किंवा किडनीचा आजार असलेल्यांसाठी पाणी मोजण्याचा याहून चांगला मार्ग घरात नाही.

३. रक्ताची तपासणी. बऱ्याच महिन्यांत झाली नसेल तर क्रिएटिनिन (किडनी कशी चालते ते दाखवणारं), सोडियम आणि पोटॅशियम तपासायचं का, हे डॉक्टरांना विचारा. सोडियमकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही. पाण्याची गोळी चालू, जेवण अळणी, आणि वरून साधं पाणी भरपूर, असं झालं की सोडियम उतरतं. म्हातारं माणूस असंबद्ध बोलायला लागतं, झोपाळू होतं. घरच्यांना वाटतं वयाने विसरायला लागलंय किंवा ऊन लागलंय, आणि ते आणखी पाणी पाजतात.

४. तापमापक. डिजिटल घ्या आणि काखेत लावून नेहमीचा आकडा लिहून ठेवा.

पुढे जाण्याआधी तपासा: औषधांचा कागद फ्रिजच्या दारावर लागला का? त्याचा फोटो घरातल्या दोघांच्या तरी मोबाइलमध्ये आहे का?

## टप्पा ३: खोली (होळी ते गुढीपाडवा)

आधी खोली निवडा. वरच्या मजल्यावरची, पश्चिमेच्या भिंतीची किंवा पत्र्याखालची खोली दुपारी ३ नंतर तापते आणि रात्री उशिरापर्यंत गार होत नाही. वडिलांची 'नेहमीची खोली' तीच असेल तर दोन-अडीच महिन्यांसाठी बिछाना खालच्या मजल्यावर किंवा पूर्वेकडच्या खोलीत हलवा. हे काम पारा चढायच्या आधी करा. नव्या खोलीत रात्री लघवीला उठताना पावलं अडखळतात, त्या वाटेची सवय व्हायला आठवडा लागतो. विस्मरणाचा आजार असेल तर जास्तच.

१. खोलीत साधा तापमानदर्शक लावा, बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या उंचीवर आणि बाहेरच्या भिंतीपासून दूर. दिवसा आतलं तापमान ३२ अंशांच्या खाली ठेवायचा प्रयत्न करा.

२. खिडक्या सकाळी ९ च्या आत बंद, सूर्य मावळून बाहेर गारवा आल्यावर उघड्या. दिवसभर 'हवा यावी' म्हणून खिडकी उघडी ठेवल्याने गरम हवाच आत येते. ऊन काचेच्या बाहेरच अडवा. बांबूची चिक किंवा हिरवी जाळी बाहेरून लावली तर फरक पडतो. आतला पडदा ऊन घरात शिरल्यावर अडवतो.

३. पंखा. हवा ३५ अंशांपर्यंत असेल तोवर पंखा मदत करतो. त्याच्या वर नुसता पंखा कमी कामाचा, आणि ४० च्या पुढे तो गरम हवाच अंगावर मारतो. म्हाताऱ्या माणसाला घामही कमी येतो, त्यामुळे पंख्याखाली सुकवायला अंगावर ओल नसते. ओल आपण द्यायची: ओल्या पंचाने हात, मान, पाय, चेहरा पुसा आणि मग पंखा लावा. पायघोळ ओली चादर पांघरून ठेवू नका, ती तापते आणि पायांत येते.

४. कूलर. विदर्भ, मराठवाडा, खानदेश इथल्या कोरड्या हवेत तो उत्तम चालतो. कोकणात, मुंबईत, गोव्यात हवाच दमट असते, तिथे कूलर खोली चिकट करतो आणि घाम सुकू देत नाही. जिथे चालतो तिथेही समोरची एक खिडकी किंवा दार थोडं उघडं हवं. बंद खोलीत तासाभरात दमटपणा साचतो.

कूलरच्या शॉकने दर उन्हाळ्यात माणसं दगावतात, म्हणून जोडणीआधी एवढं करा:

- वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या. तीन पिनांचा प्लग, अखंड वायर, आणि शक्य तर त्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच).
- पाणी भरताना आधी बटण बंद, मग प्लग बाहेर. चालू कूलरला ओल्या हाताने स्पर्श नको, अनवाणी तर नाहीच.
- पाणी भरण्याचं काम ज्येष्ठांकडे देऊ नका. वाकून बादली उचलणं, ओली फरशी आणि वीज तिथे एकत्र येतात.
- आठवड्यातून एक दिवस टाकी पूर्ण रिकामी करून, घासून, कोरडी करा. डेंग्यूचे डास याच पाण्यात होतात. गवताच्या जाळ्या दर हंगामाला बदला. मागच्या वर्षीच्या जाळीची धूळ आणि बुरशी थेट दमेकऱ्याच्या छातीत जाते.

५. एसी असेल तर २६-२७ अंशांवर, सोबत हळू पंखा. १८ वर लावला की आजी शाल घेतात आणि थोड्या वेळाने बंदच करतात.

६. रात्रीची वाट. बिछान्यापासून संडासापर्यंत वायर, पायपुसणं, कूलरचा पाइप काही आडवं नको. जमिनीलगत एक मंद दिवा. न्हाणीघरात धरायला दांडा. टॉवेलचा रॉड धरून उठू देऊ नका, तो उपटून हातात येतो.

७. औषधांची जागा. न उघडलेलं इन्सुलिन फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांवर, पण फ्रीजरजवळ नाही. गोठलेलं इन्सुलिन पुन्हा पातळ झालं तरी वाया गेलेलंच असतं, दिसायला मात्र तसंच दिसतं. वापरात असलेलं पेन किंवा बाटली साधारण २८ दिवस, ३० अंशांच्या आत. नेमके दिवस खोक्यावर बघा आणि उघडल्याची तारीख पेनवर लिहा. भारनियमन असेल तिथे मातीच्या मोठ्या कुंडीत ओली वाळू, त्यात लहान मडकं, त्यात प्लॅस्टिकच्या डबीत इन्सुलिन आणि वर ओलं फडकं. इन्हेलर खिडकीत किंवा गाडीत ठेवू नका.

## टप्पा ४: पाणी

आता पाण्याकडे या. डॉक्टरांनी सांगितलेला आकडा हातात हवा. मर्यादा नसेल तर बहुतेक ज्येष्ठांना दिवसभरात ८ ते १० ग्लास (२०० मिलीचे) पातळ पदार्थ पुरतात. ताक, वरणाचं पाणी, पेज, चहा हे सगळं त्यात मोजा. मर्यादा १२०० मिली असेल तर तीही याच सगळ्याची मिळून असते. नुसतं पाणी मोजून चहा-ताक सोडून देणं ही हृदयरोग्यांच्या घरातली रोजची चूक.

१. सकाळी दिवसाचं पाणी मोजून दोन बाटल्यांत भरा. एक दुपारच्या जेवणापर्यंत, दुसरी संध्याकाळी ६ पर्यंत. "किती प्यालात?" याचं उत्तर नेहमी "प्यायलो की" असंच येतं. बाटली खरं सांगते.

२. तहान लागायची वाट पाहू नका. वयानुसार तहानेची जाणीव बोथट होते. वेळेला बांधा: उठल्यावर, नाश्त्याला, ११ वाजता, जेवताना, ३ वाजता, ५ वाजता. प्रत्येक वेळी एक ग्लास, घोट घोट.

३. ६ नंतर कमी. म्हातारी माणसं पाणी टाळतात ती रात्री उठावं लागतं, कपडे ओले होतात, प्रवासात सोय नसते म्हणून. हे कारण लाजेने कुणी बोलत नाही. दिवसाचं पाणी लवकर संपवा, बिछान्याजवळ लघवीचं भांडं ठेवा, तेवढ्यानेही पाणी पिणं वाढतं.

४. लघवी पाहा. फिकट पिवळी आणि दिवसात ४-५ वेळा म्हणजे ठीक. गडद, थोडी, जळजळीची असेल तर पाणी कमी आहे किंवा मूत्रमार्गाला संसर्ग झालाय.

ओआरएस कसं करायचं. पाकीट घेताना त्यावर डब्ल्यूएचओ फॉर्म्युला लिहिलेला आहे का बघा, वजन सुमारे २०.५ ग्रॅम असतं. संपूर्ण पाकीट १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात एकदम. चिमूट चिमूट ग्लासात टाकत राहिलं तर कधी खारट, कधी अळणी होतं, दोन्ही बिघडवतात. वरून साखर, लिंबू, मीठ नको. तयार झाल्यावर उकळू नका, २४ तासांनी उरलेलं फेकून द्या. पाकीट नसेल तर १ लिटर पाण्यात ६ सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. खोक्यातली गोड, रंगीत फळपेयं ओआरएसच्या जागी चालत नाहीत. आणि ओआरएस हे रोजचं सरबतही नव्हे. ते जुलाब, उलट्या किंवा खूप घाम गेल्यावर द्यायचं. बीपीच्या माणसाला रोज एक लिटर दिलं तर मिठाचा भार वाढतो.

शहाळं चांगलं, पण त्यात पोटॅशियम भरपूर. किडनीचा आजार असेल, किंवा स्पायरोनोलॅक्टोन, टेल्मिसार्टन, रामिप्रिल चालू असेल, तर रोज देण्याआधी विचारा. पन्ह्यात गूळ घातला तरी मधुमेहात तो साखरच. कैरीचा गर, जिरं, थोडं मीठ घालून पातळ पन्हं करा. पातळ ताक सगळ्यांत सोयीचं, मीठ मोजून. उसाचा रस आणि गाड्यावरचा बर्फ टाळा. या दिवसांत पोट बिघडलं की दोन जुलाबांतच म्हातारं माणूस खचतं.

तपासा: तोंडात बोट फिरवून जीभ ओली आहे का बघा. हाताची कातडी चिमटीत धरून पाहण्याचा उपाय ज्येष्ठांमध्ये फसवा असतो, त्यांची कातडी एरवीही सैलच असते.

## टप्पा ५: दिवसाचं वेळापत्रक, हळूहळू

फिरणं बंद करू नका, वेळ सरकवा. मार्चच्या पहिल्या आठवड्यात सकाळी ८ ला फिरणारे दर आठवड्याला वीस मिनिटं आधी निघतील अशी आखणी करा. एप्रिलमध्ये ७ च्या सुमारास घरी परत यायला हवं. उन्हाशी ओळख राहावी म्हणून सकाळचं कोवळं ऊन अंगावर घेऊ द्या. फेब्रुवारीपासून एसीत बसवून ठेवलेला माणूस एप्रिलमध्ये बँकेच्या रांगेत उभा राहिला की कोसळतो.

११ ते ४ बाहेर जाणं नाही. बँक, पेन्शन, रक्त तपासणी सकाळी. उपाशीपोटी रक्त द्यायचं असेल तर पहिला नंबर लावा. साधं पाणी चालेल का ते लॅबला विचारा, बहुतेक तपासण्यांना चालतं.

वाळवणं हा चैत्रातला खास धोका. कुरडया, पापड, सांडगे घालायला आजी स्वतः गच्चीवर जातात. सकाळी पीठ शिजवताना चुलीची धग, मग जिना, मग तापलेली गच्ची, आणि दुपारी १ वाजता "उलटवून येते". त्यांना "जाऊ नका" म्हटल्याने त्या ऐकत नाहीत, आणि ते कामही त्यांचंच आहे. कामाची वाटणी करा: घालणं ९ च्या आत, त्यांच्या देखरेखीखाली. उलटवणं आणि राखण तरुणांनी. संध्याकाळी ऊन उतरल्यावर काढायला त्या पुन्हा. गच्चीवर बसायला पाट नको, पाठ टेकायला खुर्ची हवी. उकिडवं बसून एकदम उठलं की बीपी उतरतं.

गव्हाची मळणी, भुसा, परागकण आणि धूळ यांनी या काळात दमा आणि शिंका वाढतात. दम्याचं नेहमीचं औषध सुरू ठेवा. सर्दीची दुकानातली गोळी देऊ नका. तिच्यातलं क्लोरफेनिरामाइन घाम कमी करतं, गुंगी आणतं आणि प्रोस्टेट वाढलेल्या पुरुषांची लघवी अडवतं.

मराठवाडा-विदर्भात वळीव आणि गारपीटही याच दिवसांत होते. ढग गडगडायला लागले की शेतावरच्या वडीलधाऱ्यांनी झाडाखाली थांबायचं नाही, पक्क्या घरात यायचं. विजांचा इशारा देणारं 'दामिनी' अ‍ॅप घरातल्या तरुणाने आपल्या मोबाइलवर ठेवून त्यांना फोन करावा.

## टप्पा ६: होळी, पाडवा, नवरात्र, जत्रा

होळीचा धूर दमेकऱ्यांना बाधतो. धूर ज्या बाजूला जातो तिथे उभं करू नका, नैवेद्य दाखवून लगेच आत, इन्हेलर खिशात. मोतीबिंदूच्या ऑपरेशनला महिना झाला नसेल तर धुळवडीला घराबाहेर नको. अंगणात पाणी-रंगाची फरशी घसरडी असते, ती लगेच धुऊन कोरडी करा. भांग कुणीही हौसेने पाजू नये. बीपी आणि झोपेच्या गोळ्यांबरोबर ती जिवावर बेतू शकते.

चैत्री नवरात्राचे किंवा एकादशीचे उपास करणाऱ्या मधुमेहींची इन्सुलिन आणि ग्लिमेपिराइडची मात्रा आधी बदलून घ्यावी लागते. गोळी नेहमीची आणि पोटात फक्त फळं, यातून साखर ७० च्या खाली जाते. घाम, थरथर, चिडचिड, गोंधळ दिसला की अर्ध्या ग्लास पाण्यात ३ चमचे साखर, १५ मिनिटांनी पुन्हा तपासणी, मग खाणं. गोळीत व्होग्लिबोज किंवा अ‍ॅकार्बोज असेल तर साखर लवकर लागू पडत नाही. त्यांच्यासाठी ग्लुकोजची पावडरच घरात ठेवा. निर्जळी उपास या ऋतूत कुणाही ज्येष्ठाने करू नये. वडीलधाऱ्यांना हे सुनेने सांगण्यापेक्षा डॉक्टरांनी किंवा घरच्या गुरुजींनी सांगितलं तर पटतं.

जोतिबा, सप्तशृंगी, एकवीरा इथल्या चैत्रातल्या यात्रांना जाणारच असतील तर मुख्य दिवस टाळून आधी-नंतर न्या, दर्शन सकाळी लवकर. वणीच्या गडावर फ्युनिक्युलर ट्रॉली आहे, पायऱ्यांचा हट्ट नको. लग्नाला नेताना मांडवाच्या कडेला, पंख्याजवळ, संडासापासून जवळ खुर्ची बघून ठेवा. जेवणाची वाट न पाहता त्यांचं ताट वेळेवर घ्या.

## टप्पा ७: एकटे राहणाऱ्यांसाठी

मुलं पुण्यात, बंगळुरूत किंवा परदेशात, आणि आई-वडील गावी. अशा घरी दिवसातून दोन फोन ठरवा, सकाळी ११ आणि दुपारी ४ (भारतीय वेळ). परदेशातून ही वेळ जमत नसेल तर भावंडांत किंवा शेजाऱ्यांत वाटून घ्या. "बरं आहे ना?" विचारू नका, उत्तर "हो" येणार. विचारा: सकाळपासून लघवीला किती वेळा गेलात? जेवणात काय होतं? खोलीतला तापमानदर्शक किती दाखवतोय? आज वार कोणता? बोलणं नेहमीपेक्षा संथ, तुटक वाटलं तर अर्ध्या तासात कुणीतरी घरी पोचलं पाहिजे.

शेजारच्या दोन घरांत किल्ली ठेवा. हवामान खात्याचा इशारा नारिंगी किंवा लाल असेल त्या दिवशी फोनवर भागवू नका, कुणाला तरी प्रत्यक्ष पाठवा. ज्येष्ठांच्या मदतीसाठी १४५६७ ही एल्डरलाइन आहे, हा नंबर त्यांच्या फोनजवळ मोठ्या अक्षरात लिहा.

## टप्पा ८: बिघडलं तर

ज्येष्ठांचा उष्माघात घरात बसल्या बसल्या, दोन-तीन दिवसांत चढत जातो. सुरुवात साधी असते: जेवण नको म्हणणं, सारखं झोपून राहणं, डोकं दुखणं, पोटऱ्यांत गोळे, मळमळ. इथे गार खोली, सैल कपडे, अंग पुसणं, घोट घोट ओआरएस (मर्यादा असेल तर डॉक्टरांना फोन करून). तासाभरात सुधारणा नसेल तर दवाखान्यात न्या.

भान बिघडलं की ती आणीबाणी. असंबद्ध बोलणं, ओळख न पटणं, आकडी, बेशुद्धी, आणि अंग तापलेलं. घाम असो वा नसो. ताप १०४ फॅरनहाइट असण्याची वाट बघू नका, काखेतला आकडा आतल्या तापमानापेक्षा कमीच येतो. क्रम असा:

१. एकाने १०८ ला फोन करायचा, त्याच वेळी दुसऱ्याने गार करायला लागायचं. रुग्णवाहिका येईपर्यंत नुसतं थांबू नका.
२. सावलीत किंवा गार खोलीत आडवं करा, कपडे काढा.
३. पूर्ण अंगावर साधं पाणी ओता किंवा ओले पंचे फिरवा, सोबत जोरात वारा घाला.
४. बर्फ असेल तर फडक्यात गुंडाळून मान, काखा आणि जांघांत.
५. ग्लुकोमीटर असेल तर साखर बघा. तोंड वाकडं, एक हात लुळा, जीभ जड असेल तर पक्षाघाताची शंका रुग्णवाहिकेत सांगा.
६. उलटी होत असेल तर कुशीवर वळवा.
७. ताप १०२ च्या खाली आला की पाणी ओतणं थांबवा.

हे करू नका: गुंगीत असलेल्या माणसाच्या तोंडात पाणी, पन्हं, कांद्याचा रस काहीही ओतू नका, ते श्वासनलिकेत जातं. पॅरासिटामॉलने हा ताप उतरत नाही. तळपायाला कांदा चोळण्यात पहिली दहा मिनिटं घालवू नका, तीच मोलाची असतात. फ्रिजवरचा औषधांचा कागद रुग्णवाहिकेत सोबत द्या. सरकारी रुग्णालयांत उन्हाळ्यात उष्माघात कक्ष असतात, जवळचा कुठे आहे ते मार्चमध्येच विचारून ठेवा.

घरी आणल्यावर एक गोष्ट नक्की चुकते. रुग्णालयात पाण्याची गोळी, टेल्मिसार्टन किंवा मेटफॉर्मिन थांबवलेली असते, आणि घरी जुन्या डबीतून ती दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू होते. किंवा उलट, थांबवलेली गोळी महिनोन्‌महिने कुणी सुरूच करत नाही आणि पायांवर सूज येते. सुट्टी घेताना प्रत्येक थांबवलेल्या गोळीपुढे "कधी सुरू, कोणी ठरवायचं" हे लिहून घ्या, क्रिएटिनिनच्या पुढच्या तपासणीची तारीख विचारा, आणि जुनी डबी त्याच दिवशी रिकामी करून नव्या यादीप्रमाणे भरा. पुढचे काही आठवडे त्यांचं शरीर उष्णता कमीच सोसेल. त्यामुळे दुपारची खोली, बाटल्या आणि सकाळचं वजन हे सगळं पहिल्या पावसापर्यंत चालू ठेवा.